लॅब्रॅडॉरला शिकवताना घरात शब्द एकच हवा
आपल्या बडोद्याच्या घरांत आजी ‘बस’ म्हणते, मुलं ‘सिट’ आणि शेजारच्या बेन ‘बेस’. लॅब्रॅडॉरचं पिल्लू गोंधळतं आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. म्हणून आम्ही आधी माणसांना शिकवतो: एका कृतीला सगळ्यांचा एकच शब्द.

लॅब्रॅडॉर मुळातच खादाड. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे पाव हिस्सा लॅब्रॅडॉरांत या हावरेपणाशी निगडित जनुकीय बदल आढळला. हीच हाव आपल्या कामी येते. गाजराचा चण्याएवढा तुकडा नाकासमोरून हळूच डोक्यावर न्या. मान वर जाते आणि पिल्लू आपसूक बसतं. त्याच क्षणी ‘बस’ म्हणा, तुकडा द्या. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं पुरे. बेदाणे घातलेला प्रसादाचा शिरा मात्र कधीच देऊ नका. बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट आणि कांदा कुत्र्यांना विषारी ठरतात.

पिल्लू अंगावर उडी मारतं तेव्हा ओरडू नका, पाठ फिरवा. चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच कौतुक करा. पाहुण्यांनाही हे सांगून ठेवा. आज गंमत वाटणारं हे पिल्लू वर्षभरात पंचवीस-तीस किलोंचं होतं, आणि दार उघडायला बहुधा आजीच जाते.