लायसन्स मिळालं म्हणजे लग्न झालं?
माझ्या मावसबहिणीचं लग्न कॅलिफोर्नियात झालं. सप्तपदीसकट, अगदी थाटात! पण ग्रीन कार्डच्या अर्जासाठी पुरावा शोधायला गेली, तर लग्नाची नोंदच नाही. आपल्याकडे बहुतेक जण आधी बोहल्यावर चढतात, मग नोंदणीला जातात. तिथे उलटं. आधी दोघांनी काउंटी क्लार्ककडे जाऊन मॅरेज लायसन्स काढायचं. पण ही फक्त परवानगी, तीही ९० दिवसांपुरती. लग्न लावणाऱ्याने त्यावर सही करून ते १० दिवसांत काउंटीकडे परत पाठवायचं, मग नोंद. ताईच्या गुरुजींच्या बॅगेत ते तसंच पडून होतं! नोंद झाली तरी सर्टिफाइड कॉपी फी भरून वेगळी मागवावी लागते. तेव्हा दोस्तांनो, तिकडे लग्न करायचं असेल तर अक्षतांइतकीच कागदांचीही काळजी घ्या.