सिलिंडरात पाणी का साचते? वाफेचा उलटा दाब ओळखा

बीम मागावर चढले की ताण्याचे धागे तुटू लागतात. विणकर सुताला दोष देतो, सूतवाला सायझिंगला आणि सायझिंगवाला खळीला. आम्ही कामणहून भिवंडीला सूत सायझिंगसाठी पाठवतो, त्यामुळे ही तक्रार आमच्या परिचयाची आहे. कधीकधी दोष या तिघांचाही नसतो; तो मशीनमागच्या नळीत असतो.

सायझिंगमध्ये खळ लावलेला ताणा वाफेने तापलेल्या सिलिंडरांवरून सुकत जातो. वाफ उष्णता देते आणि तिचे पाणी होते. हे पाणी बाहेर सोडायचे व वाफ आत राखायची, हे स्टीम ट्रॅपचे काम. मात्र ट्रॅप म्हणजे पंप नव्हे. आत दाब जास्त व बाहेर कमी, या फरकानेच पाणी ढकलले जाते. बाहेरच्या बाजूस जो दाब उभा राहतो, तो उलटा दाब, म्हणजेच बॅक प्रेशर.

हिशेब पाहा. सिलिंडरात 2 किलो दाब आहे. परतीची नळी 5 मीटर वर चढवली, तर दर 10 मीटरला सुमारे 1 किलो याप्रमाणे अर्धा किलो तिथेच गेला. नळीत आणखी अर्धा किलो असेल, तर ट्रॅपच्या हाती 1 किलोच उरला. फरक निम्मा झाला की पाणी काढण्याची ताकद साधारण 70 टक्क्यांवर येते. इतर मशीने चालू असताना एखादे थंड मशीन सुरू केले, तर त्यात पाणी सर्वाधिक होते आणि दाब मात्र अजून चढायचा असतो. तोवर पाणी आतच राहते. मग नळीत ठोके बसतात आणि ताणा कुठे ओला, कुठे कोरडा राहतो.

नळीत दाब येतो कुठून? 3 किलो दाबाचे पाणी सुमारे 143 अंश तापलेले असते. ते मोकळ्या हवेच्या दाबाला आले की त्यातील सुमारे 8 टक्के पुन्हा वाफ होते. एक लिटर पाण्याची अशी वाफ 1,600 लिटरहून अधिक जागा घेते. बारीक नळीत ती कशी मावणार? शिवाय एक ट्रॅप बिघडून वाफ सोडू लागला, तर त्या नळीवरचे सारे ट्रॅप अडतात. चकतीचा ट्रॅप उलटा दाब फार वाढल्यास बंदच होत नाही व स्वतःच वाफ सोडतो.

अशा वेळी फिटर बायपास उघडतो. ते मशीन सुकवू लागते, पण वाफ नळीत शिरून शेजारची मशीने अडवते आणि बॉयलरचे जळण वाया जाते.

उपाय असे : प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र ट्रॅप व त्यापुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ठेवावा. परतीची नळी मोठ्या मापाची व उताराची असावी. जास्त व कमी दाबाचे पाणी एका नळीत सोडू नये. वर चढवायचेच असेल, तर पाणी आधी हवा खुली असलेल्या टाकीत घेऊन पंपाने चढवावे. परतीच्या नळीवर एक गेज बसवावे. खर्च किरकोळ, पण आजार लगेच दिसतो.

सायझिंगवाल्या बांधवांनो, मशीनवरचे सूत दुसऱ्याची अमानत आहे. ते बिघडले तर विणकराची मजुरी बुडते. म्हणून खळ बदलण्याआधी एकदा नळी तपासा.