त्रिसरण येते, त्याला कविता येते

आमच्या जळकोटला, सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगतच्या आपल्या वस्तीत, एका आजींना आम्ही म्हणालो, "आजी, एखादी कविता म्हणा." आजी हसल्या. "आमाला कुटं कविता येती बाबा? आमी आपलं दळताना म्हनायचो." आणि बाबासाहेबांवरच्या ओव्या सुरू झाल्या त्या समोरचा चहा निवला तरी थांबल्या नाहीत. शेजारी त्यांची नववीतली नात परीक्षेसाठी 'छंद, वृत्त, यमक, अनुप्रास' घोकत बसली होती. ती जे घोकते आहे तेच आजीच्या ओठांवर आहे, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. म्हणून हा लेख.

बोटांवर मोजा

कवितेचा प्राण लय. अक्षरे मोजून बांधलेल्या रचनेला अक्षरछंद म्हणतात. मोजताना जोडाक्षर एकच धरायचे. आता आपण वंदनेत म्हणतो त्या त्रिसरणाच्या पहिल्या तीन ओळी बोटांवर मोजा. प्रत्येकीत आठ अक्षरे भरतील! धम्मपदाच्या ४२३ गाथांपैकी कितीतरी गाथा अशाच आठ अक्षरांच्या चरणांनी बांधलेल्या आहेत.

लहान अभंगाचे चरणही आठ अक्षरांचे असतात आणि शेवटी यमक जुळते. आम्हीच जुळवलेली ही ओळ पाहा:

माय दळते पहाटे । लेक निघे शाळेवाटे ।।

मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत येते:

पाटीवर माझ्या । उमटले नाव ।
वाचताच गाव । जागे झाले ।।

चौदाव्या शतकात चोखोबा आणि सोयराबाई यांनी आपले दुःख अभंगातच मांडले. ज्या चोखोबांना देवळाबाहेर उभे केले, त्यांना अभंगाच्या दारात कुणी अडवू शकले नाही.

ग्रंथातल्या ओवीला साडेतीन चरण असतात. जात्यावरची ओवी मात्र मोजमापात अडकत नाही. जात्याच्या फेऱ्याबरोबर ती लांबते, आखडते. तिचा ताल हाताला ठाऊक असतो.

कानाला गोड, मनाला पक्के

नादाची साधने तीन. शेवटी सारखा उच्चार आला की यमक. तेच तेच अक्षर पुन्हा पुन्हा आले की अनुप्रास. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' ही घोषणा मोठ्याने म्हणा. 'संघ' कसा दोनदा घुमतो! तिसरी पुनरुक्ती. पंचशीलाच्या पाचही ओळी एकाच शब्दांनी संपतात, म्हणून ज्या मुलाला अक्षरओळख नाही त्यालाही ते पाठ होते. पुस्तक हाती नसलेल्यांनी शतकानुशतके आपले ज्ञान असेच जपले.

पण नुसत्या नादाने कविता होत नाही. आशय आणि प्रतिमा हवी. थेरीगाथेतली पुण्णिका ही पाणी भरणारी दासी. पाप धुण्यासाठी थंडीत नदीत बुडणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, पाण्याने शुद्धी होत असेल तर बेडूक आणि कासवे आधी स्वर्गात जातील की नाही? एका प्रतिमेत सगळे कर्मकांड कोसळले.

यमक-छंदाचे बंधन सोडले तर तो मुक्तछंद. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला आणि मराठी कविता हादरली. तिथे यमक नाही, पण लय आहे. रागाला आणि वेदनेला स्वतःची लय असते.

ठेवा कुणाचा?

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) मोठेपणी अक्षरे शिकले आणि हजारो गीते रचून गेले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी १९९६ साली गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत.

आपल्या आजीच्या ओव्या मात्र अजून कुणी लिहून घेतलेल्या नाहीत. पिठाच्या गिरणीने बायांचे कष्ट वाचवले, हे चांगलेच झाले. पण जाते थांबले आणि ओवीही मुकी झाली. म्हणून मुला-मुलींनो, येत्या रविवारी वंदना झाली की वही घ्या आणि आजीजवळ बसा. ती म्हणेल तसे, तिच्याच बोलीत लिहा. शुद्धलेखन सुधारू नका. मग अक्षरे मोजा, यमक शोधा. परीक्षेचे दोन गुण तर मिळतीलच, शिवाय 'आमाला कुटं कविता येती' असे आपल्या घरात पुन्हा कुणी म्हणणार नाही.