वाढते वय आणि खेळाडूची पारख

चौदा वर्षांखालील मुलांचा कोणताही संघ रांगेत उभा राहिला की एक गोष्ट तत्काळ नजरेत भरते. एखाद्या मुलाचे खांदे रुंद झालेले असतात, आवाज फुटलेला असतो. त्याच्या शेजारचा मुलगा मात्र अद्याप बालकच दिसतो. जन्मदाखल्यानुसार दोघे समवयस्क असतात, परंतु शरीराच्या परिपक्वतेच्या दृष्टीने त्यांच्यात तीन-चार वर्षांचेही अंतर असू शकते. अशा वेळी पहिल्याने दुसऱ्याला धावण्यात मागे टाकले, तर त्यात कौशल्याचा भाग किती आणि लवकर आलेल्या वाढीचा भाग किती, हा प्रश्न निवड करणाऱ्यांपुढे उभा राहतो. एका दिवसाच्या चाचणीतून त्याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी त्याच मुलाचे मोजमाप वर्षानुवर्षे करीत राहावे लागते.

बेंगळुरू शहरात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे दक्षिण विभागाचे केंद्र येथे आहे. प्रकाश पदुकोण यांची बॅडमिंटन अकादमी १९९४ मध्ये येथेच सुरू झाली. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २००० साली राष्ट्रीय क्रिकेट अकादमी स्थापन केली तीही या शहरात, आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तिच्या विस्तीर्ण नव्या संकुलाचे उद्घाटन झाले. दूरदूरच्या गावांतील मुले कोवळ्या वयात अशा संस्थांमध्ये येतात. अल्मोड्याचा लक्ष्य सेन बालवयातच पदुकोण अकादमीत दाखल झाला आणि २०२१ मध्ये त्याने जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. मूल एकाच छत्राखाली इतकी वर्षे वाढत असेल, तर त्याच्या वाढीची सलग नोंद ठेवणे शक्य होते.

अशा सलग नोंदीची परंपरा जुनी आहे. फ्रान्समधील माँबेयार या गृहस्थांनी १७५९ ते १७७७ या काळात आपल्या मुलाची उंची जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत नियमितपणे मोजली. इंग्लंडमध्ये जेम्स टॅनर यांनी १९४८ पासून हार्पेन्डन येथील बालगृहातील मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यातून एक मूलभूत गोष्ट स्पष्ट झाली. वेगवेगळ्या वयांची पुष्कळ मुले एकदाच मोजून त्यांची सरासरी काढली, तर वाढीचा आलेख संथ चढणीसारखा दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक मूल एका टप्प्यावर झपाट्याने वाढते. परंतु हा टप्पा प्रत्येकाच्या बाबतीत निरनिराळ्या वयात येत असल्यामुळे सरासरीत तो पुसला जातो. म्हणूनच एकाच मुलाचा आलेख त्याच्या स्वतःच्या मोजमापांवरून काढावा लागतो.

हा वेगाचा टप्पा मुलींमध्ये सुमारे बाराव्या, तर मुलांमध्ये सुमारे चौदाव्या वर्षी येतो. त्या वर्षात मुलाची उंची नऊ-दहा सेंटिमीटरही वाढू शकते. परंतु काहींच्या बाबतीत हा टप्पा दोन वर्षे अगोदर, तर काहींच्या बाबतीत दोन वर्षे उशिरा येतो. प्रथम हातपाय लांबतात, त्यानंतर धड वाढते. स्नायूंचे बळ उंचीच्या मागून येते. त्यामुळे मधल्या काही महिन्यांत मुलगा अवघडल्यासारखा हालचाल करतो, फलंदाजीतील पदलालित्य बिघडते, नेमही चुकतो. ही अवस्था तात्पुरती असते. मात्र नोंदवही हाताशी नसेल, तर प्रशिक्षक तिला आळस किंवा अधोगती समजण्याची शक्यता असते.

मोजमापाची साधने साधी असली तरी शिस्त कडक लागते. उंची, बसलेल्या स्थितीतील उंची आणि वजन यांची नोंद साधारणतः दर तीन महिन्यांनी घेतली जाते. दिवसभरात मणक्यांमधील चकत्या दबून उंची सुमारे एक सेंटिमीटरने कमी होते. म्हणून मापन ठरावीक वेळी आणि शक्यतो एकाच व्यक्तीने करावे लागते. तीन महिन्यांत वाढच दीड-दोन सेंटिमीटर होणार असेल, तर मापनातील अर्ध्या सेंटिमीटरची चूकही निष्कर्ष फिरवू शकते. या नोंदींच्या जोडीला धाव, उडी आणि दम यांच्या चाचण्यांचे आकडे ठेवले जातात. उंचीची तुलना करावयाची ती आपल्याकडील मुलांच्या आलेखांशी. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षे वयोगटासाठी असे सुधारित आलेख २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. पुण्याचे डॉक्टर वामन खाडिलकर यांचा त्या कामात प्रमुख वाटा होता.

शरीराचे वय ओळखण्याची दुसरी पद्धत हाडांवर आधारलेली आहे. डाव्या हाताचे व मनगटाचे क्ष-किरण चित्र घेऊन तेरा हाडांची परिपक्वता तपासतात आणि त्यावरून अस्थिवय ठरवितात. टॅनर व व्हाइटहाउस यांच्या या पद्धतीची तिसरी आवृत्ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. वय लपवून लहान गटात खेळण्याचा प्रकार आपल्याकडे फार बोकाळल्यामुळे क्रिकेट मंडळाने हीच चाचणी सोळा वर्षांखालील मुलांना लागू केली. अस्थिवय साडेसोळाच्या आत असले तरच खेळाडू पात्र ठरतो. बेंगळुरूचेच राहुल द्रविड यांनी २०१५ मध्ये दिल्लीतील पतौडी स्मृती व्याख्यानात वयचोरीवर कठोर टीका केली होती. वय लपविणाऱ्या प्रत्येक मुलामागे एक प्रामाणिक मुलगा संघाबाहेर राहतो, हे त्यातील खरे दुःख आहे.

तथापि अस्थिवय म्हणजे जन्मतारीख नव्हे. ज्याची वाढ निसर्गतःच लवकर झाली आहे, असा प्रामाणिक मुलगाही या कसोटीत बाद होऊ शकतो. शिवाय हाडे पंचांगाप्रमाणे चालत नाहीत. एकदा चाचणी घेऊन पुढील वर्षी त्या आकड्यात एक मिळविण्याची रीत मंडळात होती. तिच्यामुळे पहिल्या वर्षी १५.४ अस्थिवयाचा मुलगा पात्र राही आणि १५.५ चा मुलगा निव्वळ बेरजेमुळे बाहेर जाई. अशा मुलांना दुसऱ्यांदा चाचणीची संधी देण्याचा निर्णय मंडळाने २०२५ मध्ये घेतला. नव्याने मोजणे आणि केवळ हिशेब मांडणे यांत किती अंतर आहे, हे या बदलावरून दिसून येते.

नोंदीचा आणखी एक उपयोग दुखापती टाळण्यासाठी होतो. वेगाने वाढणारे हाड आणि त्याला जोडलेला स्नायू यांचा मेळ काही काळ बसत नाही. गुडघ्याखालील हाडाचा उंचवटा या वयात दुखू लागतो; कोवळ्या वेगवान गोलंदाजांच्या पाठीच्या मणक्याला ताणामुळे तडा जाण्याचा धोका असतो. उंचीचा आलेख अचानक चढू लागला की उड्या आणि षटके यांची संख्या काही आठवड्यांसाठी कमी करणे हितावह ठरते.

सर्वांत मोठा प्रश्न संधीचा आहे. कॅनडातील कुमार हॉकीपटूंच्या जन्ममहिन्यांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची संख्या शेवटच्या तिमाहीतील मुलांपेक्षा पुष्कळ अधिक असल्याचे आढळले. गट जानेवारीपासून मोजला जात असल्यामुळे काही महिन्यांचे थोरलेपणच गुणवत्ता म्हणून गणले गेले होते. उशिरा वाढणाऱ्या मुलाचे नुकसान याहून अधिक होते. समजा, तेराव्या वर्षी एकाची उंची १६५ सेंटिमीटर आणि दुसऱ्याची १५० आहे. पहिल्याची वाढ संपत आली आहे. दुसऱ्याची अद्याप सुरूही झालेली नाही. सतराव्या वर्षी दुसरा कदाचित उंच ठरेल. पण तेराव्या वर्षीच त्याला घरी पाठविले असेल, तर ते कोणाला दिसणारच नाही. पहिल्यालाही निराळा धोका असतो. आजवर बळावर जिंकत आल्यामुळे त्याचे तंत्र कच्चे राहते, आणि बरोबरीचे खेळाडू वाढले की तो अकस्मात मागे पडतो.

म्हणून काही देशांतील फुटबॉल अकादमींमध्ये मुलांना अधूनमधून जन्मवयाऐवजी शारीरिक परिपक्वतेनुसार गट पाडून खेळवितात. ज्या संस्थेला एवढे शक्य नसेल, तिनेही निवडीच्या दिवशी मुलाच्या गुणांशेजारी त्याच्या मागील दोन वर्षांच्या उंचीची नोंद ठेवावी. भिंतीवरील मोजपट्टी, एक वही आणि नियमितपणा एवढ्यावर हे काम खेड्यातील शाळेतही होऊ शकते. आणि तेथून निघालेल्या मुलासोबत ती वही बेंगळुरूपर्यंत गेली, तर तेथील प्रशिक्षकाला त्याच्या पुढील वाटचालीचा अंदाज अधिक न्यायाने करता येईल.