वेदना, विश्वास आणि मेंदूची प्रतिमा

चिकित्सेच्या चतुष्पादांत वैद्य, द्रव्य, परिचारक व रुग्ण या चौघांना स्थान आहे. परंतु गुण आला की श्रेय बहुधा एकट्या द्रव्याला दिले जाते. या दृष्टीने अमेरिकेतील मानसशास्त्राचे प्राध्यापक टोर वेजर यांचे संशोधन मननीय ठरते.

२००४ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व सहकाऱ्यांच्या प्रयोगांत निरोगी व्यक्तींच्या हाताला निष्क्रिय मलम वेदनाशामक म्हणून लावले आणि विजेचा धक्का किंवा उष्णता दिली. वेदना कमी जाणवली. शिवाय एफएमआरआय प्रतिमांत थॅलॅमस, इन्सुला आदी वेदनासंवेदी भागांची क्रियाही मंदावलेली दिसली. वेदनेच्या प्रतीक्षेत मेंदूचा अग्रभाग मात्र अधिक सक्रिय होता.

प्राध्यापक वेजर यांचे अध्यापनही तितकेच उदार आहे. मार्टिन लिंडक्विस्ट यांच्यासमवेत त्यांनी एफएमआरआयच्या तत्त्वांचा ऑनलाइन अभ्यासक्रम सिद्ध केला. प्रयोगशाळेतील विश्लेषणाची साधनेही विद्यार्थ्यांना खुली केली.

यातून वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी दोन बोध घ्यावेत. वैद्याचा आश्वासक शब्द वेदनेवर खरोखर परिणाम करतो. म्हणूनच, केवळ रुग्णाला उतार वाटला एवढ्यावरून कल्पाची गुणवत्ता सिद्ध होत नाही. निष्क्रिय कल्पाशी तुलना करूनच ती ठरवावी लागते.