आईची झोप आणि खिडकीतली फट

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नसेल, तर हे घ्या त्याचं लेखी रूप. आजचा विषय: रस्त्याला लागून घर असेल तर ट्रॅफिकचा आवाज कमी कसा करायचा?

आधी माझी गोष्ट. मी पुण्यात वारज्याला राहतो. चौथा मजला, बेडरूमची खिडकी थेट मुंबई-बंगळुरू हायवेकडे. मी हेडफोन लावून झोपायचो, त्यामुळे मला काही वाटायचं नाही. बाबा गेल्यावर आईला कराडहून इकडे आणलं. बेडरूम तिला दिली, मी हॉलमध्ये. आठव्या रात्री तीन वाजता पाणी प्यायला उठलो, तर आई स्वयंपाकघरात चटई टाकून पडलेली. सकाळी म्हणाली, "घर छान आहे रे तुझं. पण मला कराडला सोड."

मग काय, इंजिनिअर जागा झाला. आणि पहिलीच चूक केली! ऑनलाइन फोमचे चौकोन मागवले आणि भिंतीवर चिकटवले. आवाज होता तस्साच. कारण फोम खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषतो, बाहेरचा अडवत नाही. अंड्यांचे ट्रे लावले तरी तेच. बाहेरचा आवाज अडवायला दोनच गोष्टी लागतात: वजन आणि हवाबंदपणा. विटांच्या भिंतीकडे दोन्ही असतं. खिडकीकडे दोन्ही कमी.

इथे डेसिबलचं गणित समजून घ्या. हे साधं स्केल नाही, लॉगरिदमिक आहे. १० डेसिबल कमी झाले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहावा भाग उरली, आणि कानाला तो साधारण निम्मा वाटतो. रस्त्यावरच्या गाड्या निम्म्या झाल्या तरी फक्त ३ डेसिबल कमी होतात. आपल्याकडच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. माझ्या फोनवरचं अ‍ॅप रात्री ११ वाजता बंद खिडकीच्या आत ५६ दाखवत होतं. फोनच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पण तोच फोन, तीच जागा, तीच वेळ ठेवलीत तर आधीचा आणि नंतरचा फरक बऱ्यापैकी कळतो.

आता मुद्द्याची गोष्ट: फट. समजा खिडकी एकदम भारी आहे, पण तिच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा उघडी राहिली. मग काच कितीही जाड असो, ती खिडकी जास्तीत जास्त २० डेसिबल अडवणार. कोडमध्ये कसं, एकच फंक्शन स्लो असेल तर बाकीचं कितीही ऑप्टिमाइझ करा, उपयोग नाही. तसंच हे. म्हणून आधी फटी, मग काच.

फटी शोधायला उदबत्ती घ्या. पंखा बंद करा, पडदा बाजूला करा आणि पेटलेली उदबत्ती खिडकीच्या कडेकडेनं फिरवा. धूर जिथे हलतो, तिथे फट. माझ्याकडे तीन सापडल्या: स्लायडिंगच्या दोन काचा जिथे एकमेकांवर येतात तिथे, चौकट आणि भिंतीच्या मध्ये, आणि एसीच्या पाइपच्या भोकाशी. स्लायडिंगचा झिजलेला ब्रश बदलून घेतला, बाकी ठिकाणी सिलिकॉन भरलं. एक लक्षात ठेवा: खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं बुजवू नका, नाहीतर पावसाळ्यात पाणी घरात येईल. एवढ्यानं आकडा ५१ वर आला.

दुसरी पायरी खर्चाची. जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूनं दुसरी बसवली. दारासारखी उघडणारी, कारण ती रबरावर घट्ट दाबून बसते. स्लायडिंगला ते जमत नाही. काच लॅमिनेटेड, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेसारखी, मध्ये प्लास्टिकचा थर असलेली. दोन खिडक्यांमध्ये जवळपास चार इंच अंतर ठेवलं. ट्रकची घरघर खालच्या फ्रिक्वेन्सीची असते, तिला अडवायला हे मोठं अंतर कामी येतं. आता अ‍ॅप ४३ दाखवतं.

भाड्याचं घर असेल तर? फटी बुजवा, आणि जमलं तर झोपायची खोली मागच्या बाजूला घ्या. जाड पडद्यानं थोडाच फरक पडतो.

आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. घर हवाबंद करताना श्वास विसरू नका. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. रस्त्याकडची खिडकी बंद ठेवली, तर मागची थोडी उघडी ठेवा. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथली खिडकी किंवा झडप कधीच बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतल्यासारखा बेशुद्ध पडतो.

पूर्ण शांतता मिळाली का? नाही. प्रेशर हॉर्न अजून ऐकू येतो. पण चटई गुंडाळून माळ्यावर गेली आहे. परवा विचारलं, "कराडला कधी जायचं?" आई म्हणाली, "दिवाळीला जाऊ की. दोघं."

आज रात्री उदबत्ती फिरवून बघा. फट कुठे सापडली ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!