रंग आणि शेजार: घरच्या प्रवाळ-टाकीत मासे कसे निवडावेत



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाचे मास्तर आता मासे विकायला बसले की काय! तसं नाही. पण निवड म्हणजे काय, हा आपला जुनाच प्रश्न आहे, आणि तो समजून घ्यायला खाऱ्या पाण्याच्या टाकीइतकी चांगली जागा क्वचित सापडते. इथे चुकीची निवड कागदावर राहत नाही. ती आठवड्याभरात पाण्यावर तरंगताना दिसते.

उदाहरणासाठी एक टाकी धरून चालू. लांबी ४ फूट, रुंदी दीड फूट, उंची साधारण २० इंच. हिशोब केला तर सुमारे २७० लिटर पाणी. खडक आणि वाळू घातली की त्याहून कमीच. घरगुती मापात ही मध्यम टाकी. अशी टाकी घेतलेला माणूस दुकानात जाऊन काय म्हणतो? "रंगीबेरंगी मासे द्या, आणि एकमेकांशी पटणारे द्या." या वाक्यात दोन विशेषणं शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने बसली आहेत. समुद्रात मात्र ती तशी बसत नाहीत. का बसत नाहीत, ते आधी पाहू. मग नावं घेऊ.

कोनराड लोरेंझ हे ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ. १९७३ चं नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांपैकी एक. आक्रमकतेवरचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९६३ साली आला, आणि त्याची सुरुवात माणसापासून होत नाही, प्रवाळातल्या माशांपासून होते. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरून आणि नंतर काचेच्या टाकीसमोर बसून लोरेंझ यांनी एक गोष्ट टिपली. भडक, जाहिरातीच्या फलकासारख्या रंगाचे मासे सर्वांत जास्त भांडतात ते आपल्याच जातीशी. शेजारून दुसऱ्या जातीचा मासा गेला तर फारसं लक्ष नाही, पण आपल्यासारखा दिसणारा आला की तुटून पडतात. लोरेंझ यांचा तर्क असा, की हा रंग म्हणजे झेंडा आहे. "ही कपार माझी आहे, माझ्यासारखा दुसरा इथे नको," असं तो सांगतो.

पुढच्या अभ्यासकांनी हे मत जसंच्या तसं स्वीकारलं नाही, हेही सांगायला हवं. रंग जोडीदारासाठी असतो, विषाची सूचना देण्यासाठी असतो, आणि कधी कधी चक्क लपण्यासाठी असतो. पिवळा आणि निळा जवळून झगमगतात, पण दुरून पाण्यात विरून जातात. तेव्हा प्रत्येक रंगाला झेंडा समजू नये. तरीही टाकीपुरता एक नियम आपल्या हाती लागतो, आणि तो भक्कम आहे: सारखा रंग, सारखा आकार, सारखं खाणं आणि सारखी जागा, यातलं जितकं जुळेल तितकं भांडण वाढेल. माणसांच्या लग्नात आपण पत्रिका जुळवतो. माशांच्या बाबतीत ती जुळू नये हे पाहायचं.

म्हणून आमचं सांगणं असं की, दुकानात "कोणता सुंदर आहे" हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी तीन प्रश्न. हा राहणार कुठे: वाळूत, कपारीत, की मधल्या पाण्यात? हा खाणार काय? आणि पूर्ण वाढ झाल्यावर हा केवढा होणार? दुकानातला मासा बहुधा पिल्लू असतो, हे विसरायला फार सोपं असतं.

आता या तीन प्रश्नांवर काही लाडकी नावं घासून पाहू.

'फाइंडिंग नेमो'मुळे घराघरांत पोचलेली निळी डोरी, म्हणजे ब्लू टँग. दुकानात ती रुपयाच्या नाण्याएवढी दिसते. वाढते जवळजवळ ३० सेंटिमीटर. आपली टाकी १२० सेंटिमीटर लांब. म्हणजे चार अंगलांबीत भिंत. समुद्रात दिवसभर पोहणाऱ्या प्राण्याचं ते काय जिणं? नकार.

बटरफ्लाय फिश. नाव फुलपाखराचं, पण यातल्या अनेक जाती प्रवाळांचेच कोंभ खुडून खातात. प्रवाळ-टाकीत त्यांना आणणं म्हणजे बागेत शेळी सोडणं.

निळा डॅमसेल. स्वस्त, काटक, आणि निळा असा की नजर हटत नाही. नवशिक्याच्या गळ्यात दुकानदार हाच घालतो. पण स्थिरावला की अर्धी टाकी स्वतःच्या नावावर करून घेतो, आणि खडक उपसल्याशिवाय तो पुन्हा हाती लागत नाही.

हिरवे क्रोमिस. थव्याने छान दिसतात म्हणून लोक सहा-सात घेतात. मर्यादित जागेत पुष्कळदा त्यांच्यातला दुबळा एकेक करून मारला जातो आणि शेवटी एक-दोन उरतात.

क्लीनर रास, म्हणजे इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणारा निळा-काळा मासा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या माशाने आरशात पाहून स्वतःच्या गळ्याखालची खूण घासून काढण्याचा प्रयत्न केला. त्याला 'स्व' आहे का, यावर तेव्हापासून वाद चालू आहे. पण आपल्या टाकीत त्याचा प्रश्न जास्त साधा आहे. त्याचं गिऱ्हाईकच तिथे नाही, मग त्याने खायचं काय?

आणि आता मँडरिन. जगातल्या सर्वांत देखण्या माशांत याची गणना होते. बहुतेक माशांचा निळा रंग हा पेशींतल्या सूक्ष्म स्फटिकांवर पडलेल्या प्रकाशाचा खेळ असतो. मँडरिनमध्ये मात्र खरंखुरं निळं रंगद्रव्य आहे, आणि प्राणिसृष्टीत ही फार दुर्मीळ गोष्ट. हा मासा कोणाशी भांडतही नाही. मग अडचण काय? तो दिवसभर खडकावरून टिपत असतो ते डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड, म्हणजे सूक्ष्म कवचधारी जीव. नव्या टाकीतले कोपेपॉड काही आठवड्यांत संपतात. वरून टाकलेलं खाद्य बरेचसे मँडरिन तोंडात घेत नाहीत. मग तो सुंदर दिसत दिसतच उपाशी मरतो.

इथे कांटची आठवण होते. १७९० च्या ग्रंथात कांटने म्हटलं, की सौंदर्याचा आस्वाद निरपेक्ष असतो, वस्तू प्रत्यक्षात असण्या-नसण्यात त्याला रस नसतो. चित्रापुढे उभं राहिल्यावर हे पटतं. टाकीपुढे उभं राहिल्यावर पटत नाही, आणि पटूही नये. कारण इथे जे सुंदर आहे त्याला भूक लागते. मँडरिन आवडतो म्हणून त्याला न आणणं, ही या छंदातली पहिली प्रौढ निवड.

एवढे नकार दिल्यावर उरतं काय? पुष्कळ उरतं. आपल्या २७० लिटरसाठी आठ मासे असे मांडू.

मधल्या पाण्यात बंगाई कार्डिनलची एक जोडी. रुपेरी अंगावर काळे पट्टे, लांब पंख, संथ चाल. यांचा नर अंडी तोंडात धरून उबवतो, आणि तेवढे दिवस काही खात नाही. दोन नर मात्र एकमेकांना सोसत नाहीत, म्हणून जमलेली जोडीच घ्यावी, नाहीतर एकच.

बिळाजवळ तरंगणारा एक फायरफिश. पुढून फिकट, मागे ज्वाळेसारखा तांबडा. स्वभावाने भित्रा. घाबरला की उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळीचं झाकण हवंच. फरशीवर वाळलेला फायरफिश ही या छंदातली नेहमीची शोकांतिका आहे, आणि ती काही रुपयांच्या जाळीने टळते.

वाळूत एक पिवळा वॉचमन गोबी, आणि त्याच्या जोडीला पिस्तूल कोळंबी. ही दोघं एका बिळात राहतात. कोळंबीला नीट दिसत नाही, पण ती उत्तम खोदते. गोबीला खोदता येत नाही, पण तो पहारा देतो. कोळंबी बाहेर आली की आपली एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लावून ठेवते. गोबीने शेपटी हलवून इशारा दिला की दोघंही आत. सहजीवनावर आम्ही वर्गात तासन्‌तास बोललो असतो, ते इथे पाच मिनिटांत दिसतं.

कपारीच्या छताला एक रॉयल ग्रामा. हा कॅरिबियन समुद्रातला. पुढचं अर्धं अंग जांभळं, मागचं अर्धं पिवळं, आणि बऱ्याचदा उलटा पोहतो. आपली कपार जपतो, म्हणून एकच.

खडकांवर एक लॉनमोअर ब्लेनी. हा रंगाने मातकट आहे, कबूल. पण शेवाळ खरवडून खातो, आणि त्याचे डोळे इतके बोलके आहेत की पाहुणे आधी त्याचीच चौकशी करतात. मात्र टाकीत शेवाळ जमल्यावरच त्याला आणायचं.

आणि शेवटी क्लाउनफिशची जोडी, नारिंगी-पांढरी. त्यांना ॲनिमोन, म्हणजे समुद्रफूल, लागतंच असं नाही. ते सांभाळणं अवघड असतं, त्याशिवायही ही जोडी सुखाने राहते. क्लाउनफिश जन्मतः सगळे नर असतात. दोन पिल्लं आणली, एक थोडं मोठं एक लहान, की मोठं पुढे मादी होतं. निसर्गनियमाने चाललं असतं तर नेमोची आई गेल्यावर त्याचे बाबाच आई झाले असते. सिनेमावाल्यांनी ते सोयीस्करपणे वगळलं!

बघा आता: नारिंगी, रुपेरी, तांबडा, पिवळा, जांभळा. रंगांत काही कमी पडलं का? आणि वाळू, कपार, खडक, मधलं पाणी, प्रत्येकाचा पत्ता वेगळा.

निवडीइतकाच महत्त्वाचा आहे क्रम. टाकी लावल्यावर पाण्यातला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. तोवर एकही मासा नको. मग भित्रे आधी, दांडगे शेवटी. फायरफिश आणि कार्डिनल पहिले, मग गोबी, मग ब्लेनी, मग ग्रामा, आणि क्लाउनफिश अगदी शेवटी. दर दोन टप्प्यांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर. जो आधी येतो तो मालक होतो. मालक मवाळ असला की घर शांत राहतं.

प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या छोट्या टाकीत महिनाभर ठेवावा. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आणणारा परजीवी मुख्य टाकीत शिरला की सगळेच धोक्यात येतात, आणि त्यावरचं तांबेयुक्त औषध तिथे घालता येत नाही, कारण तांब्याने प्रवाळ आणि कोळंबी मरतात.

दुकानात दोन गोष्टी मागून घ्या. एक, निळा दिवा बंद करून पांढरा लावायला सांगा. निळ्या प्रकाशात सगळेच मासे राजबिंडे दिसतात. दोन, समोर खाद्य टाकायला सांगा. न खाणारा मासा कितीही देखणा असला तरी घेऊ नये.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. हा मासा आला कुठून? गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतांशी पैदास केलेले असतात. समुद्री माशांचं उलट आहे. बहुतेक थेट प्रवाळातून पकडलेले. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून मासे गुंगवायला सायनाइड फवारलं गेलं. त्यात आजूबाजूचे प्रवाळही मरतात. आपला बंगाई कार्डिनल मूळचा इंडोनेशियातल्या बंगाई बेटांच्या परिसरातला. या व्यापारामुळेच २००७ साली त्याची नोंद संकटग्रस्त जातींत झाली. पण तो टाकीत पैदा होतो, क्लाउनफिशही होतो. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलेलं आहे. तेव्हा "पैदास केलेला आहे का?" असं प्रत्येक वेळी विचारावं. गिऱ्हाईक विचारू लागलं की दुकानदार ठेवू लागतो.

भारतात राहणाऱ्यांनी कायदाही लक्षात ठेवावा. खडक बांधणारे कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. मालवणच्या पाण्यातलं पोवळं उचलून घरी आणणं हा छंद नाही, गुन्हा आहे. कृत्रिम खडक वापरावेत, आणि जे कायद्यात बसतं तेवढंच ठेवावं. परदेशातल्या श्रोत्यांनी आपापल्या देशाचे नियम पाहावेत.

क्लाउनफिश टाकीत वीस वर्षं जगल्याची उदाहरणं आहेत. सत्तरी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांनी आज जोडी आणायची, तर तिचं पुढे कोण पाहणार हे आजच ठरवायला हवं. मुलाला विचारावं, नातीला विचारावं. त्यांनी "नाही" म्हटलं, तर टाकीपुढची खुर्ची रिकामी ठेवायचीही तयारी असावी.

इथे थांबतो. आता आपले प्रश्न घेऊ.